नजर ‘ब’वर, मालिका ‘क’ची: अंबाझरीवरच्या एका शेवटच्या शर्यतीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नागपूरच्या अंबाझरी तलावावर हिवाळ्यात झालेल्या एका सराव मालिकेतलं हे प्रकरण आहे. एकूण आठ होड्या होत्या आणि सहा शर्यती ठरल्या होत्या. सहांतली सर्वांत वाईट एक शर्यत वगळून उरलेल्या पाचांची बेरीज धरायची होती. माणसांची नावं घेतलेली नाहीत. होड्यांना अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली आहेत. आपण ज्या जोडीचे निर्णय तपासणार आहोत ती ‘अ’ होडीवर होती. सुकाणूवर मोठा मुलगा, पुढे जिब (पुढचं लहान शीड) सांभाळायला त्याच्याहून तीन वर्षांनी लहान मुलगा. धाकटा त्याला दादा म्हणतो.

सगळ्या होड्या एन्टरप्राइज वर्गातल्या. ही दोघांची, ४.०४ मीटर लांबीची होडी. जॅक होल्ट यांनी १९५६ साली तिचा आराखडा केला. निळ्या शिडांमुळे ती काठावरूनही ओळखू येते आणि एनसीसीच्या नौदल विभागातल्या कॅडेटना ती परिचयाची असते. तिला स्पिनेकर (वारा मागून असताना लावायचं मोठं फुगीर शीड) नसतो, त्यामुळे वारा पाठीमागून असताना जिब एका काठीने बाहेर ढकलून धरावी लागते.

मार्ग साधा होता. तलावाच्या नैर्ऋत्येकडे सुरुवातीची रेषा, तिथून ईशान्येला, धरणाच्या भिंतीच्या अलीकडे वरची खूण. खाली येऊन रेषेजवळची खूण, पुन्हा वर, पुन्हा खाली आणि शेवट. एका टोकाचं अंतर सुमारे ४०० मीटर. वाऱ्यावर चढताना सरळ जाता येत नाही, दोन्ही बाजूंना ४५ अंशांनी तिरपं जात वर चढावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात ५६५ मीटरच्या आसपास पाणी कापावं लागतं. पाच-सहा नॉट (ताशी दहा किलोमीटरच्या आसपास) वाऱ्यात त्याला सहा-सात मिनिटं लागतात.

नागपूरचा वारा

हा भाग नीट समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत.

मुंबईच्या समुद्रावर दुपारचा वारा एकदा धरला की तासन्‌तास एकाच अंगाने वाहतो. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला अंबाझरीचं पाणी आरशासारखं असतं. ऊन चढलं, जमीन तापली, की दहा-साडेदहाला वरचा वेगवान वारा तुकड्या-तुकड्यांनी खाली उतरायला लागतो. हे झोत पाण्यावर गडद डागांसारखे दिसतात आणि पंख्यासारखे पसरतात. झोताच्या डाव्या कडेला वारा एका अंगाने लागतो, उजव्या कडेला दुसऱ्या. शिवाय ईशान्येचा वारा इमारती, झाडं आणि भिंत ओलांडून येतो, म्हणून वरच्या खुणेजवळच्या शेवटच्या पन्नास मीटरांत तो अर्धा पडतो आणि कुठूनही येतो.

त्या दिवशी शर्यतीपूर्वी सुरक्षा बोटीवरून बारा मिनिटं, दर मिनिटाला होकायंत्रावर वाऱ्याची दिशा मोजली होती. सरासरी ४५ अंश. डावीकडे ३५ पर्यंत जायची, उजवीकडे ५५ पर्यंत, आणि एक झोका पूर्ण व्हायला साधारण सात मिनिटं. वारा कायमचा एका बाजूला सरकत नव्हता, घड्याळाच्या लंबकासारखा झुलत होता. हा फरक मोलाचा आहे. सरकणाऱ्या वाऱ्यात ज्या बाजूला वारा चाललाय त्या बाजूला आधी पोहोचायचं असतं. झुलणाऱ्या वाऱ्यात बाजू निवडायची नसते, ताल पकडायचा असतो.

ताल म्हणजे काय? वारा उजव्या अंगाने घेऊन चाललोय, म्हणजे स्टारबोर्ड टॅकवर आहोत, आणि वारा उजवीकडे वळला, तर होडीचं नाक खुणेच्या दिशेने उचललं जातं. ही लिफ्ट. वारा डावीकडे वळला तर नाक खुणेपासून खाली ढकललं जातं. हा हेडर. हेडर मिळाला की टॅक करायचा, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या अंगाने घ्यायचा, कारण दुसऱ्या टॅकवर तोच वारा लिफ्ट असतो. दहा अंशांच्या लिफ्टवर चाललेली होडी शंभर मीटर पाण्यात वाऱ्याच्या सरासरी दिशेने सुमारे ८२ मीटर वर चढते. तेवढ्याच हेडरवर चाललेली ५७ मीटर. वेग तोच, मेहनत तीच, आणि शंभर मीटरमागे पंचवीस मीटरचा फरक.

समस्या: शेवटच्या शर्यतीपूर्वीचे गुण

पहिला आला तर १ गुण, दुसरा आला तर २, असा हिशोब. कमी गुणांची होडी वर. पाच शर्यती झाल्यावर चित्र असं होतं:

अ: २, १, १, २, ५
ब: १, ३, २, ४, १
क: ३, २, ४, १, २

सर्वांत वाईट शर्यत वगळली तर अ ६, ब ७, क ८. बाकीच्या पाच होड्या आवाक्याबाहेर होत्या.

नाष्ट्याच्या वेळी ‘अ’ची जोडी एवढंच बोलली की ‘ब’ एका गुणाने मागे आहे, त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. धाकट्याने विचारलं, “अन् ‘क’चं काय, दादा?” उत्तर मिळालं, “तो दोन गुणांनी मागं आहे. त्याच्याकडे नंतर पाहू.” बरोबरी झालीच तर आपले पहिले नंबर दोन आहेत, ते कामी येतील, असंही गृहीत धरलं.

इथे पाच मिनिटं कागदावर घालवली असती तर पुढची शर्यत वेगळी झाली असती. वगळीचा नियम लावून आकडे मांडले की असं दिसतं.

‘अ’च्या खात्यात ५ हा वगळण्याजोगा निकाल आधीच आहे. म्हणून शेवटच्या शर्यतीत ते कितीही मागे पडले तरी त्यांची बेरीज ११ च्या वर जाऊ शकत नाही. ‘ब’ चौथा किंवा त्याखाली आला तर त्याचीही बेरीज ११ वर अडकते, आणि बरोबरीत निकाल ‘अ’कडे झुकतो. ‘ब’ तिसरा आला तर ‘अ’ला चौथ्यापर्यंत चालतं. ‘ब’ दुसरा आला तर ‘अ’ला पहिलं यावं लागतं. आणि ‘ब’ पहिला आला तर मालिका त्याचीच. ‘अ’ दुसरा आला तरी दोघांचे ८ होतात आणि पहिल्या नंबरांच्या संख्येवर ‘ब’ जिंकतो.

आता ‘क’. तो तिसरा किंवा त्याखाली आला तर ‘अ’ला त्याच्यापासून कसलाही धोका नाही. तो दुसरा आला तर ‘अ’ला चौथ्यापर्यंत चालतं. पण तो पहिला आला तर ‘अ’ला दुसरं यावंच लागतं.

बरोबरी सोडवण्याचा नियमही इथे नीट वाचायला हवा. वगळलेली शर्यत बाजूला ठेवून दोघांचे निकाल चांगल्यापासून वाईटाकडे लावतात, जिथे पहिला फरक दिसेल तिथे चांगला निकाल असलेला पुढे. सगळे सारखेच निघाले तर शेवटच्या शर्यतीत जो पुढे तो जिंकतो. आपसांत कोणी कोणाला किती वेळा हरवलं हे यात येतच नाही. 

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय घट्ट कव्हरचा: ‘ब’ला सुरुवातीपासून पकडायचं, त्याच्यासमोर राहायचं, तो टॅक करेल तेव्हा टॅक करायचा, त्याला आपल्या शिडांमागची घाण हवा द्यायची. समोरच्या शिडांमुळे घुसळलेल्या वाऱ्यात मागची होडी मंदावते. हलक्या वाऱ्यात हा परिणाम चार-पाच होड्यांच्या लांबीपर्यंत सहज जाणवतो.

दुसरा सैल कव्हरचा: ‘ब’ आणि वरची खूण यांच्यामध्ये राहायचं, त्याच्या बाजूलाच असायचं, पण टॅक करायचा तो आपल्या वाऱ्याच्या तालावर, त्याच्या हालचालीवर नाही.

तिसरा, कोणाकडेही न पाहता स्वतःची शर्यत चालवायची आणि पहिल्या दोनांत यायचं.

घट्ट कव्हरचं आकर्षण समजण्यासारखं आहे. १९८३ च्या अमेरिका कपमध्ये (दोन शिडाच्या होड्यांमधली प्रसिद्ध लढत) न्यूपोर्टजवळ सातव्या निर्णायक शर्यतीत डेनिस कॉनर यांची ‘लिबर्टी’ पुढे होती. वारा पाठीमागून असलेल्या टप्प्यावर त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया २’ला सैल सोडलं, ती दुसऱ्या बाजूने वारा पकडून पुढे गेली आणि १३२ वर्षं अमेरिकेत असलेला कप गेला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये लेझर या एकट्याने चालवायच्या होडीच्या वर्गाच्या शेवटच्या शर्यतीत बेन एन्सलीने रॉबर्ट शाइटला ताफ्याच्या मागच्या टोकाला दाबून ठेवलं आणि सुवर्ण मिळवलं. शिकणाऱ्या मुलांना या दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्यांतून ‘प्रतिस्पर्ध्याला सोडू नका’ एवढंच लक्षात राहतं. पण पहिली दोनच होड्यांची लढत होती, आणि सिडनीत सुवर्णाचा प्रश्न दोघांतच उरला होता. अंबाझरीवर तीन होड्या शर्यतीत होत्या. दोघं एकमेकांना मागे ओढतात तेव्हा तिसऱ्याला काही करावं लागत नाही, फक्त नीट चालवत राहावं लागतं.

‘अ’ने पहिला पर्याय निवडला.

काय घडलं: सुरुवात

रेषा ४५ मीटर लांब होती, एका टोकाला कमिटी बोट (शर्यत चालवणाऱ्यांची), दुसऱ्याला पिनची खूण. रेषा ४५ अंशांच्या वाऱ्याला काटकोनात लावलेली. शेवटच्या दोन मिनिटांत वारा उजवीकडे झुकून ५५ वर गेला. दहा अंशांचा फरक म्हणजे कमिटी बोटीकडचं टोक वाऱ्याच्या दिशेने जवळजवळ आठ मीटर पुढे, म्हणजे सुमारे दोन होड्यांची लांबी. ‘क’ने हे पाहिलं आणि तिकडची जागा धरली.

‘ब’ मात्र पिनपासून दहा मीटरवर रेंगाळत होता. ‘अ’ त्याच्या मागून आला आणि त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला, त्याच्या आणि पिनच्या मधे शिरला. शिडाच्या शर्यतींच्या नियमांनुसार हे अगदी बरोबर होतं. एकाच टॅकवर वाऱ्याकडच्या होडीने खालच्या होडीपासून दूर राहायचं असतं (नियम ११). मागून येऊन खाली शिरणाऱ्याने आधी वरच्याला बाजूला व्हायला जागा द्यावी लागते (नियम १५), ती ‘अ’ने दिली. सुरुवातीच्या संकेतापूर्वी ‘योग्य मार्ग’ (शर्यत लवकर संपवायला होडी जो धरेल तो) अशी गोष्ट नसते, म्हणून त्यानंतर नाक वाऱ्याकडे वळवून ‘ब’ला वर ढकलण्याचा त्याला हक्क होता. इशारा झाला तेव्हा ‘अ’ वेगात, अर्धी होडी पुढे, आणि ‘ब’ त्याच्या घाण हवेत.

दोन होड्यांची शर्यत असती तर ही सुंदर सुरुवात होती. पण दोघंही कमिटी बोटीकडच्या होड्यांपेक्षा सहा-सात मीटर मागून निघाले. आणि रेषेजवळ मंद गतीने थांबताना ‘अ’च्या सुकाणूत जलपर्णीचा दोरा अडकला. ईशान्येच्या वाऱ्यात ती नैर्ऋत्य काठाला, म्हणजे नेमकी सुरुवातीच्या जागी साचते. हात जड लागला, मागे बुडबुड्यांची रेघ दिसली, पण सुकाणूचं पातं उचलून दोरा काढायला दुसरं मिनिट उजाडलं. सुरुवातीपूर्वी शेवटच्या मिनिटात सेंटरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात उतरणारी फळी) अर्धा वर-खाली करणं आणि सुकाणू एकदा तपासणं ही या तलावावरची सवयच हवी.

पहिली चढण: सहा टॅक

इशारा झाला तेव्हा सगळे स्टारबोर्ड टॅकवर, लिफ्टमध्ये. इथून तीन-साडेतीन मिनिटं कोणीही टॅक करायला नको होता. ‘ब’ने चाळीस सेकंदांत टॅक केला. घाण हवेत बसलेल्याला दुसरा मार्ग नव्हता, त्याचा निर्णय समजतो. ‘अ’ने क्षणात त्याच्यामागे टॅक केला. दोघंही आता पोर्ट टॅकवर (वारा डाव्या अंगाने), दहा अंशांच्या हेडरमध्ये. ‘ब’ परत फिरला, ‘अ’ परत फिरला. पहिल्या चार मिनिटांत असं सहा वेळा.

या चार मिनिटांचा खर्च मोजता येतो. हलक्या वाऱ्यात, दोघांनी होडी नीट डोलवून केलेला चांगला टॅकही सरळ चालण्याच्या तुलनेत एका होडीहून थोडं जास्त अंतर खातो. सहा टॅकमध्ये साधारण तीस मीटर. त्याशिवाय जवळजवळ शंभर सेकंद ते हेडरवर होते. दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने ते दीडशे मीटर पाणी, आणि त्यात लिफ्टच्या तुलनेत सदतीस मीटरचा तोटा. दोन्ही मिळून पासष्ट-सत्तर मीटर. ४०० मीटरच्या चढणीत एवढं अंतर गेलं की ‘क’ला गाठण्याचा प्रश्नच उरत नाही.

‘क’ने या वेळात काहीच विशेष केलं नाही. साडेतीन मिनिटांनी वारा डावीकडे झुकला तेव्हा एक टॅक, मग पोर्टवरची लिफ्ट, मग खुणेजवळ एक टॅक. वरच्या खुणेला क्रम: क, ड, ई, फ, अ, ब.

‘अ’च्या होडीवर मात्र समाधान होतं. “‘ब’ मागंच आहे, दादा!” हे वाक्य सुरक्षा बोटीपर्यंत ऐकू आलं. तिथून कोणी काही सांगू शकत नव्हतं. शर्यत चालू असताना बाहेरची मदत घेणं नियम ४१ नुसार बंद आहे.

निर्णयाचा क्षण जो दिसलाच नाही

आमच्या मते या प्रकरणाचं केंद्र इथे आहे, पुढे झालेल्या दंडात नाही.

वरच्या खुणेला वळताना ‘ब’ सहावा होता. तो चौथ्याच्या खाली राहिला तर ‘अ’ला त्याची काळजीच नाही. ‘क’ पहिला होता, म्हणजे ‘अ’ला दुसरं यायलाच हवं. धोका त्या क्षणी ‘ब’कडून ‘क’कडे गेला. आणि ‘क’ इतका पुढे होता की त्याला अडवणं शक्य नव्हतं. म्हणून खरं लक्ष्य होतं ‘ड’, जो गुणांच्या लढतीत नव्हताच. ‘ड’ला मागे टाकून दुसरं येणं, एवढंच काम उरलं होतं. गुणतक्ता डोक्यात नसल्यामुळे ‘अ’च्या जोडीने उतारावरही मागे वळून वळून ‘ब’कडे पाहिलं आणि त्याच्या प्रत्येक जाईबला (वारा पाठीमागून असताना शीड एका अंगाहून दुसऱ्या अंगाला घेणं) जाईबने उत्तर दिलं. तरी एका झोतावर त्यांनी ‘फ’ला गाठलं आणि चौथ्या क्रमांकाने खालची खूण वळली.

दुसरी चढण आणि वरची खूण

दुसऱ्या चढणीवर सुकाणूधाऱ्याने ‘ब’ला सैल सोडलं. कारण हिशोब नव्हता. ‘ब’ इतका मागे पडला होता की त्याच्यासमोर राहण्यात अर्थ उरला नव्हता. परिणाम मात्र ताबडतोब दिसला. चार टॅक, सगळे वाऱ्याच्या तालावर, आणि खुणेपासून साठ मीटरवर ‘अ’ ‘ई’च्या बरोबरीला, ‘ड’च्या तीन होड्या मागे. याच जोडीने पहिल्या चढणीवर काय गमावलं याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा.

आता ‘अ’ पोर्ट टॅकवरच्या लिफ्टमध्ये खुणेकडे येत होता. ‘ई’ स्टारबोर्डच्या लेलाईनवर, म्हणजे आणखी टॅक न करता खूण गाठता येईल त्या रेषेवर. खूण डाव्या हाताला ठेवून वळायची होती. दोन मार्ग होते.

एक: थोडं खाली वळून ‘ई’च्या मागून जायचं, तिच्या रेषेच्या जरा वर टॅक करायचा. किंमत सहा-सात सेकंद आणि एक जागा.

दोन: ‘ई’च्या पुढे, खुणेलगत टॅक करून घुसायचं.

‘अ’ने दुसरा निवडला. टॅक झाला तो खुणेपासून दोन होड्यांवर. खुणेभोवतीचा झोन तीन होड्यांचा, म्हणजे या वर्गात सुमारे बारा मीटर. डाव्या हाताला ठेवायच्या खुणेच्या झोनमध्ये पोर्टवरून स्टारबोर्डवर आलेल्या होडीने, झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवरच असलेल्या होडीला टक्कर टाळण्यासाठी वाऱ्याकडे जास्त वळायला लावायचं नाही, असं नियम १८.३ सांगतो. भिंतीजवळ वारा पडलेला, टॅकनंतर ‘अ’ला वेग धरेना, ‘ई’ला नाक वर घ्यावं लागलं. ‘ई’वरून लगेच “प्रोटेस्ट!” अशी हाक आली. सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा दाखवावा लागत नाही, हाक पुरते.

‘अ’ने वाद घातला नाही. बाजूला होऊन दोन गिरक्यांचा दंड ताबडतोब घेतला: एकाच दिशेने दोन फेऱ्या, प्रत्येकीत एक टॅक आणि एक जाईब. हे प्रामाणिकपणे आणि नियमाप्रमाणे झालं, ते तसं नोंदवायला हवं. पण वारा पडलेल्या त्या कोपऱ्यात दोन फेऱ्यांना पंचेचाळीस सेकंद लागले. ‘फ’ पुढे गेला, ‘ब’ दहा मीटरवर आला.

इथे चूक नियम न जाणण्याची नव्हती. दोघांनाही १८.३ तोंडपाठ होता. चूक वीस सेकंद आधी झाली, जेव्हा पोर्टवरून खुणेपर्यंत इतकं जवळ यायचं ठरलं की मागून जाण्याची जागाच अरुंद झाली. वर्दळीच्या वरच्या खुणेला पोर्ट टॅकवरून यायचं तर झोनच्या बाहेर, पाच-सहा होड्यांवर टॅक उरकलेला हवा. भिंतीजवळच्या या पडलेल्या वाऱ्यात तर आठ होड्यांवर.

निकाल

शेवटच्या उतारावर ‘अ’ने उत्तम होडी चालवली. सेंटरबोर्ड दोन-तृतीयांश वर, धाकटा पुढे सरकून बसलेला, जिबची काठी वेळेवर लावलेली, आणि डाव्या काठाकडून येणारे दोन गडद झोत त्यांनी आधी पाहिले. ‘फ’ आणि ‘ई’ दोघांना मागे टाकून तिसरे आले. ‘ड’ त्यांच्यापुढे वीस सेकंदांनी. ‘ब’ सहावा.

अ: १, १, २, २, ३, बेरीज ९.
क: १, १, २, २, ३, बेरीज ९.

पाचही निकाल अक्षरशः सारखे. म्हणून शेवटची शर्यत पाहिली; ‘क’ पहिला, ‘अ’ तिसरा. मालिका ‘क’ची.

काठावर सरांनी पहिला प्रश्न विचारला तो दंडाबद्दल नव्हता. “पहिल्या खुणेवर ‘क’ कुठं होता?” मोठा थोडा वेळ गप्प राहिला. “पुढं होता, सर. आम्ही तं फक्त ‘ब’लेच पाहून राहिलो होतो.”

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीला ‘ब’ला पकडायलाच हवं होतं का? ‘ब’ पहिला आला तर सगळं संपत होतं, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं होतं हे खरं. पण त्याला रोखायला पिनच्या टोकापर्यंत जाण्याची गरज नव्हती. तो स्वतःच वाईट टोकाला गेला होता. कमिटी बोटीकडून निघून ‘क’च्या शेजारी राहिलं असतं तर ‘ब’ सहा मीटर मागे आणि ‘क’ आवाक्यात, दोन्ही साधलं असतं. प्रतिस्पर्धी चुकीच्या बाजूला चाललाय असं दिसलं की त्याच्यामागे जायचं नसतं, हे सैल कव्हरचं पहिलं सूत्र आहे.

पहिल्या चढणीवर ‘ब’ने केलेल्या पहिल्या टॅकला उत्तर देणंही टाळता आलं असतं. तो हेडरमध्ये गेला होता. दोन होड्यांमध्ये आडवं अंतर वाढलं की वाऱ्याचा बदल मोठा होतो: दहा अंशांच्या झोक्याला आडव्या अंतराच्या सुमारे पाव भाग नफा किंवा तोटा. ‘ब’ पन्नास मीटर उजवीकडे गेला असता आणि नंतर वारा डावीकडे आला असता (मोजणीप्रमाणे तो येणारच होता), तर ‘अ’ला आयतेच बारा मीटर, म्हणजे तीन होड्या मिळाल्या असत्या. झोका उलटा गेला असता तर तेवढेच गेले असते, हा धोका खराच. पण वारा आधीच उजव्या टोकाला होता. तिथून आणखी उजवीकडे जाण्याची शक्यता कमी होती. बारा मिनिटांची मोजणी करूनही तिचा वापर न होणं, याचं वाईट वाटतं.

दंडाबद्दल सावधपणे बोलायला हवं. पंचेचाळीस सेकंदांचा दंड आणि वीस सेकंदांनी हुकलेली दुसरी जागा, ही वजाबाकी मोहात पाडते. पण ‘ई’च्या मागून गेले असते तर शेवटच्या उतारावर वेगळे झोत, वेगळ्या जागा मिळाल्या असत्या. दुसरं येण्याची संधी चांगली होती, एवढंच म्हणता येतं. पहिल्या चढणीतल्या पासष्ट-सत्तर मीटरांबद्दल मात्र शंका नाही; ते अंतर हाताशी असतं तर वरच्या खुणेला तो जुगार खेळायची वेळच आली नसती.

तलावावर शिकणाऱ्यांनी या वाऱ्याला कमी लेखू नये, हेही इथे सांगावंसं वाटतं. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर तयार झाली. झुलता, फसवा वारा वाचायची सवय अशाच पाण्यावर लागते.

पुढच्या मालिकेसाठी या जोडीने दोन गोष्टी ठरवल्या. शेवटच्या शर्यतीपूर्वी गुणांचे सगळे पर्याय मांडून, चार ओळींत उतरवून, पाणी न लागणाऱ्या चिकटपट्टीखाली बूमवर (मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्यावर) लावायचे. वरच्या प्रत्येक खुणेला वळलं की धाकट्याने ते मोठ्याने वाचायचे आणि ‘आता कोणाला पाहायचं’ ते सांगायचं. दुसरा सराव दोन होड्यांचा: पुढची होडी मागचीला कव्हर करते, पण सुरक्षा बोटीवरून वाऱ्याचा बदल पुकारला तरच दोघींनी टॅक करायचा. बदल नसताना मागचीने टॅक केला तर पुढचीने तिला जाऊ द्यायचं, मनात तीसपर्यंत मोजायचं, आणि मग ती कुठे आहे ते पाहायचं. पहिल्या दिवशी धाकटा बारापर्यंत मोजून थांबला आणि म्हणाला, “दादा, पलटू का?” मोठ्याने मोजणी पुढे चालू ठेवली.